शिवणवर्ग आणि कागदी पॅटर्न : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर आणि कधीकधी जिन्यात गाठून आम्हाला जे विचारलं जातं, ते इथे एका जागी लिहून ठेवलं आहे. शिकायला येणाऱ्या, पॅटर्न घेणाऱ्या आणि हल्ली स्वतःचा वर्ग काढू पाहणाऱ्या, अशा सगळ्यांचे प्रश्न यात आहेत. क्रमाने वाचायची गरज नाही.

तुम्ही नेमकं काय करता? शिवून देता, शिकवता की पॅटर्न विकता?

शिकवतो आणि पॅटर्न विकतो. शिवून देणं बंद केलं आहे, त्यामुळे "एवढा एकच ब्लाउज" असा आग्रह कृपया नको. ऑर्डरी आणि वर्ग एका खोलीत नांदत नाहीत. लग्नसराई आली की ऑर्डरीचं मशीन थांबवता येत नाही, आणि फी भरून आलेली बाई कोपऱ्यात बसून हुक लावत राहते. शिकणाऱ्यांकडून अशी फुकट तुरपाई करून घ्यायची आणि त्याला सराव म्हणायचं, ही पद्धत या धंद्यात जुनी आहे. आम्हाला ती पटत नाही.

मला सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही. चालेल?

चालेल. उलट बरंच. थोडंफार येणाऱ्यांचा निम्मा वेळ जुन्या सवयी सोडण्यात जातो.

कोणतं मशीन घेऊ?

वर्ग सुरू व्हायच्या आधी कोणतंच घेऊ नका. महिनाभर आमच्या मशीनवर बसा, आपल्याला काय शिवायला आवडतं ते कळू द्या, मग पैसे घाला.

घरचे ब्लाउज, परकर, अभ्रे, झबली एवढंच शिवायचं असेल तर काळं पायमशीन आजही उत्तम. त्याला सरळ टीपच येते, पण ती नीट येते. सुटे भाग कुठल्याही दुरुस्तीवाल्याकडे मिळतात आणि वेग आपल्या पायाच्या ताब्यात राहतो. नवशिक्या हाताला हे फार सोयीचं असतं. मोटर नंतर केव्हाही बसवता येते. होजिअरी किंवा लायक्रासारखं ताणणारं कापड शिवायचं असेल तर मात्र झिगझॅगचं इलेक्ट्रिक मशीन हवं, कारण अशा कापडावरची सरळ टीप ओढ बसली की तुटते.

राहिलं कारखानी मशीन, ज्याला कंपनी कुठलीही असो, सगळे जुकीच म्हणतात. ते मिनिटाला चार-पाच हजार टाके घालतं. रोज सात-आठ तास शिवणार असाल तरच त्याच्या वाटेला जा. घेतलंत तर क्लच मोटर नको, सर्वो मोटर घ्या. क्लच मोटर टीप थांबली तरी फिरतच राहते, आवाज करते आणि वीज खाते. चाळीत किंवा जुन्या इमारतीत राहत असाल तर खाली जाड रबर घाला, खालच्या मजल्यावर कुणीतरी दुपारी झोपलेलं असतं.

आणि "मशीन बिघडलं" म्हणून फोन करण्याआधी सुई बदलून बघा. रुबियासारख्या तलम कापडाला ११ नंबर, साध्या कॉटनला १४, जीन्सला १६ किंवा १८. बहुतेक 'बिघाड' बोथट किंवा उलट्या बसवलेल्या सुईचे असतात.

मी ब्लाउज शिकायला आले आहे. पहिल्या दिवसापासून ब्लाउज का नाही?

कारण ब्लाउजमध्ये सगळं एकदम येतं: गोलाई, टक्स (कापडाला उभार देणाऱ्या चिमट्या), अस्तर, हुकपट्टी, बाही चढवणं. त्यातलं एकही हातात नसताना ब्लाउज घेतला की पहिली बाही उलटी लागते आणि बाई घरी बसते. म्हणून आधी अभ्रा, मग पिशवी, मग झबलं. झबल्याला गळा आणि मुंढे (काखेभोवतीचा गोल काट) असतात, त्यामुळे उरेब पट्टी (तिरकी कापलेली पट्टी) लावायचा सराव होतो, आणि चुकलं तरी वीतभर कापड जातं.

त्यानंतर सहा कळ्यांचा परकर. या परकरावर आम्ही मुद्दाम वेळ घालवतो. कळी वर अरुंद, खाली रुंद. शेजारची कळी उलटी ठेवली की एकीची रुंद बाजू दुसरीच्या अरुंद बाजूशी जुळते आणि कापड जवळपास वाया जात नाही. कापड बेतायचं कसं, हे या परकराइतकं स्वच्छ दुसरं काहीच शिकवत नाही. ज्यांना बेतणं जमतं, त्यांना पुढे पॅटर्न वाचणं जड जात नाही. ब्लाउज त्यानंतर: आधी चार टक्स, मग कटोरी (छातीला वाटीसारखा वेगळा तुकडा), शेवटी प्रिन्सेस कट (टक्सऐवजी उभ्या शिवणी).

पॅटर्न कशाला लागतो? आमचा टेलर तर थेट कापडावरच आखतो.

तुमचा टेलर हुशार आहे. छातीच्या मापाचा चौथा भाग, सहावा भाग, बारावा भाग असे हिशेब त्याच्या डोक्यात पक्के असतात. त्यावर तो खडूने रेघा मारतो आणि बाकीचं तुम्ही दिलेल्या मापाच्या ब्लाउजवरून भागवतो. ही पद्धत चांगलीच आहे. अडचण एवढीच की ती त्याच्या हातात असते, कागदावर नसते. पाच-सात वर्षं त्याच्या शेजारी बसल्याशिवाय ती दुसऱ्याला मिळत नाही.

पॅटर्न म्हणजे तोच हिशेब कागदावर काढून, प्रत्येक तुकड्यावर उभं सूत (कापडाच्या उभ्या धाग्याची दिशा), शिलाईची जागा, खुणेच्या खाचा आणि टक्स दाखवून ठेवणं. कागदी पॅटर्न वेगवेगळ्या साइजमध्ये छापून विकायला अमेरिकेत एबेनेझर बटरिक या शिंप्याने १८६३ मध्ये सुरुवात केली. तिथे घराघरात मशीन आलं तसे पॅटर्नही पोचले. आपल्याकडे मशीन आलं, पॅटर्न फारसे आले नाहीत. त्याचं साधं कारण म्हणजे गल्लोगल्ली टेलर होता आणि त्याची शिलाई परवडत होती.

बाहेरचे पॅटर्न इथे सरळ चालतही नाहीत. त्यांत कटोरी नाही, परकर-पोलकं नाही, कुंची नाही, शिवलेली नऊवारी नाही. कापडाचे पन्ने (रुंदी) वेगळे, मापं बऱ्याचदा सेंटिमीटरमध्ये, आणि पाठीला अंगासरशी बसणारा ब्लाउज हा प्रकारच त्यांच्या हिशेबात नसतो.

एका खोलीतल्या वर्गापासून पॅटर्नपर्यंत कसे पोचलात?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून सविस्तर सांगतो.

खोलीत मशीन बसतील तेवढ्याच विद्यार्थिनी घेता येतात. मुंबईत परळ-लालबागमध्ये जागेचा भाव बघता दुसरी खोली घ्यायची म्हणजे फी दुप्पट करायची, आणि मग ज्यांच्यासाठी वर्ग काढला त्याच येऊ शकत नाहीत. हा गिरणगावचा भाग. १९८२ चा संप झाला, गिरण्या बंद पडत गेल्या, आणि इथल्या कितीतरी घरांत शिलाई मशीन हे हौसेचं न राहता घर चालवायचं साधन झालं. आमच्याकडे येणाऱ्या मुलींच्या आज्या-आया त्यातल्याच. त्यांच्याकडून वाढीव फी मागायला तोंड होत नाही.

मग वाढ झाली ती निघून गेलेल्या विद्यार्थिनींमुळे. चाळी पाडून टॉवर होऊ लागले, भाडेकरू विरार, बदलापूर, डोंबिवलीकडे गेले. मुली लग्न होऊन नाशिक-कोल्हापूरला गेल्या. तिथून फोन यायचे: "ताई, कटोरीचा खालचा तुकडा परत सांगा ना." फोनवर कटोरी सांगता येत नाही. म्हणून खाकी कागदावर आखून, बाजूला सूचना लिहून टपालाने पाठवायला लागलो. ज्यांना पाठवलं त्यांच्या शेजारणींनी मागितलं. त्या आमच्या वर्गात कधीच आल्या नव्हत्या, आणि खरी परीक्षा तिथे सुरू झाली.

आमच्या विद्यार्थिनीला "मुंढा थोडा सोडून घे" एवढं पुरतं, कारण तिने आमचा हात पाहिलेला असतो. परक्या बाईला 'थोडा' म्हणजे पाव इंच की अर्धा, कुठपासून कुठपर्यंत, आणि कापायच्या आधी की नंतर, हे सगळं लिहावं लागतं. तेव्हापासून नियमच केला: नवा पॅटर्न आधी वर्गात न आलेल्या एखादीला द्यायचा, समोर बसायचं आणि तोंड बंद ठेवायचं. ती जिथे थांबते, कागद उलटा करते, पुटपुटते, ती ओळ पुन्हा लिहायची. आखायला दोन दिवस लागले तर लिहायला दोन आठवडे जातात. पण या लिहिण्यानेच वर्गही सुधारला. जे पूर्वी हाताने दाखवून सोडून द्यायचो, ते आता शब्दांत सांगता येतं, आणि आमच्यापैकी एक ताई आजारी असली तरी दुसरी तोच धडा तसाच घेऊ शकते.

माझी साइज कशी निवडू?

तयार कपड्यांवरच्या एम-एल-एक्सएल विसरा. तीन मापं घ्या. पहिलं, वरची छाती: काखेखालून टेप पुढे उरोजांच्या वरून न्यायची. दुसरं, पूर्ण छाती. तिसरं, खांद्यापासून छातीच्या पॉइंटपर्यंत.

साइज वरच्या छातीवरून निवडायची. खांदा, गळा आणि मुंढा यांचं नातं हाडापेराशी असतं आणि ते वरच्या छातीत दिसतं. पूर्ण छातीवरून निवडलीत तर भरल्या अंगाच्या बाईला खांदे रुंद मिळतात आणि गळा घसरतो. "माझा ब्लाउज खांद्यावर राहतच नाही" ही तक्रार बहुतेक वेळा इथली असते. वरच्या आणि पूर्ण छातीतला फरक कटोरीत भरून काढायचा, म्हणून आमच्या प्रत्येक साइजबरोबर तीन आकारांच्या कटोऱ्या असतात.

टक्सचं टोक पॉइंटवर नेऊ नका, साधारण इंचभर आधी थांबवा. नाहीतर तिथे चोच निघते.

स्वस्त टेप वापरून वापरून ताणली जाते. स्टीलच्या फूटपट्टीला लावून बघा, जुळत नसेल तर टाकून द्या. मापं घेताना रोज घालता तीच ब्रा असू द्या, आणि शक्यतो दुसऱ्या कुणाला तरी घेऊ द्या.

३६ चा पॅटर्न आहे. झेरॉक्सवर मोठा करून ४४ चा होणार नाही का?

नाही. झेरॉक्स सगळंच सारख्या प्रमाणात वाढवतं, माणूस तसा वाढत नाही. छाती दोन इंचांनी वाढली की चौथा भाग अर्ध्या इंचाने वाढतो, हे सरळ आहे. पण खांदा एखाद-दुसऱ्या सुतानेच सरकतो (आठ सुतांचा इंच), गळ्याची रुंदी जवळपास तिथेच राहते आणि उंची तर छातीवर अवलंबूनच नसते. ३६ वरून ४४ करायला प्रत्येक कोपरा वेगळ्या अंतराने हलवावा लागतो. पॅटर्नच्या किमतीतला मोठा वाटा या प्रतवारीचा, म्हणजे एका साइजवरून दुसरी काढण्याचा आहे. मोठ्या साइज आम्ही वेगळ्या अंगावर, मांजरपाटाचा नमुना शिवून तपासतो. नुसत्या आकडेमोडीने केलेल्या मोठ्या साइजचा मुंढा खोल जातो आणि हात वर केला की अख्खा ब्लाउज वर येतो.

पीडीएफ घरी छापली आणि ब्लाउज घट्ट झाला. का?

प्रिंटरने पान कागदात बसवायला आकार कमी केला. नुसता ९५ टक्के झाला तरी ३६ इंच ३४.२ होतात. छापताना 'अ‍ॅक्चुअल साइज' किंवा १०० टक्के निवडा. पहिल्या पानावर दोन इंचांचा चौकोन आहे, आधी तेवढंच पान छापून फूटपट्टीने मोजा.

ए-फोरची पानं चिकटवत बसायचा कंटाळा असेल तर ए-झिरोची फाइल आर्किटेक्टचे नकाशे छापणाऱ्या दुकानात द्या. सोळा ए-फोर पानांएवढा तो एकच कागद असतो. फोर्टमध्ये आणि बहुतेक मोठ्या स्टेशनांजवळ अशी दुकानं सापडतात. आधी भाव विचारा, साध्या काळ्या रेघांना रंगीत छपाईचा दर देऊ नका.

तुमच्या पॅटर्नवरून ब्लाउज शिवून विकले तर चालेल? आणि मैत्रिणीला पॅटर्न पाठवला तर?

शिवून खुशाल विका. कटोरीचा काट आमच्या मालकीचा नाही, तो पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. पण आम्ही लिहिलेल्या सूचना आणि काढलेल्या आकृत्यांवर १९५७ च्या कायद्याप्रमाणे आमचा कॉपीराइट आहे. त्यांच्या प्रती काढून विकणं किंवा ग्रुपवर टाकणं चालणार नाही. एका मैत्रिणीला पाठवलात तर आम्ही पोलीस घेऊन येणार नाही. पाचशे जणींच्या ग्रुपवर गेला तर पुढचा पॅटर्न करायला पैसे राहत नाहीत, एवढं लक्षात ठेवा.

कापड आणि सामान कुठून घेऊ?

साड्या आणि ड्रेस मटेरियलसाठी हिंदमाता आम्हाला चालत जाण्यासारखं आहे. किंग्ज सर्कलचं गांधी मार्केटही चांगलं. मीटरवर कापड आणि निवड हवी असेल तर मंगलदास मार्केट, मात्र रविवारी जाऊ नका, बंद असतं. लेस, लटकन, बटणं भुलेश्वरला. मंगलदासला गेलातच तर जवळच अब्दुल रहमान स्ट्रीटवरून खाकी कागद घेऊन या.

दुकानात भावाआधी पन्ना विचारा. ३६ च्या पन्न्यात आणि ४४ च्या पन्न्यात तोच ब्लाउज वेगळा बेतावा लागतो, आणि पॅटर्नवर दोन्हीचे आराखडे दिले आहेत. कॉटन आणि अस्तर बेतण्याआधी पाण्यातून काढा. अस्तर नंतर आटलं की वरचं रेशीम चुण्या धरतं आणि दोष शिवणारीला येतो.

प्रमाणपत्र मिळतं का?

आमचं मिळतं, पण ते सरकारी नाही. नोकरीसाठी सरकारमान्य कागद हवा असेल तर आयटीआयचा वर्षभराचा शिवणकामाचा कोर्स करा, किंवा जवळच्या जन शिक्षण संस्थानात चौकशी करा. पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत शिंपीकाम आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि पुढे ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, मग २ लाखांपर्यंत कर्ज मिळू शकतं. पात्रतेच्या अटी आहेत, त्या आधी वाचा.

ऑनलाइन शिकवाल का?

पॅटर्न आखणं, बेतणं, मापं घेणं ऑनलाइन शिकवतो आणि ते चांगलं चालतं. मोबाइल समोर न ठेवता टेबलाच्या वर टांगला की हात सरळ दिसतात. मशीन मात्र ऑनलाइन शिकवत नाही. दोऱ्याचा ताण जास्त झालाय हे बोटाला कळतं, पडद्यावर दिसेपर्यंत शिवण आखडलेली असते.

मलाही असा वर्ग आणि पॅटर्नचा धंदा सुरू करायचा आहे. कुठून सुरू करू?

वर्गापासून. फी आधी हातात येते आणि खर्च नंतर होतो. पॅटर्नचं उलट आहे: कागद, नमुने, प्रतवारी, छपाई हे सगळं आधी, पैसे थेंबाथेंबाने नंतर. पॅटर्नसाठी कर्ज काढू नका. वर्गातून उरलेल्यात एकेक पॅटर्न करा.

पहिला पॅटर्न ब्लाउजचा करू नका, त्याच्या तक्रारी सांभाळता येणार नाहीत. कुंची किंवा झबलं करा. फिटिंगचा प्रश्न जवळजवळ नाही, आजीपासून मावशीपर्यंत सगळ्यांना शिवायचं असतं, आणि संक्रांतीच्या सुमाराला बोरन्हाणासाठी काळ्या झबल्याची मागणी येतेच. धंद्याचं वर्ष असंच सणांवर बेता. पाडव्याच्या शोभायात्रेआधी आणि गणपतीआधी शिवलेली नऊवारी. मे महिन्यात मुलांचे सुट्टीतले वर्ग. दिवाळीआधी लोकांना तयार कपडे हवे असतात, शिकायला सवड नसते. तेव्हा नवी बॅच काढू नका, पॅटर्न लिहायला बसा.

दराबद्दल एकच सांगतो. शेजारच्या वर्गापेक्षा शंभर रुपये कमी, असा दर लावू नका. भाडं, वीज, दुरुस्ती आणि तुमचा स्वतःचा पगार मांडा. तो पगार बहुतेक जणी मांडतच नाहीत आणि धंदा फायद्यात आहे असं समजतात.

नोंदणी आणि जीएसटीचं काय?

उद्यम नोंदणी (छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी) करा. ती ऑनलाइन आणि मोफत आहे, त्यासाठी पैसे मागणाऱ्या एजंटाला वाटेला लावा. महाराष्ट्रात शिकवण्यासारख्या सेवांना वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, फक्त माल विकणाऱ्यांना ही मर्यादा ४० लाखांची आहे. गोम पुढे आहे: छापील पॅटर्न हा माल आहे, आणि माल राज्याबाहेर विकला की उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी सक्तीची होते. बेळगावहून किंवा मडगावहून पहिली ऑर्डर आली की आनंदाच्या भरात पार्सल करण्याआधी सीएला फोन करा.

ठाण्याला किंवा पुण्याला शाखा काढणार का?

तूर्त नाही. आमच्याच काही विद्यार्थिनींनी आपापल्या भागात वर्ग काढले आहेत आणि त्या आमचे पॅटर्न वापरतात. त्यांच्याकडे जा. नाव त्यांचं, फी त्यांची.

पावसाळ्यात वर्ग बंद असतो का?

नसतो. पण हिंदमाताला पाणी भरलं आणि लोकल थांबल्या की त्या दिवसाचा वर्ग आपोआप पुढच्या आठवड्यात जातो, वेगळी फी नाही. घरच्या मशीनकडे मात्र या दिवसांत लक्ष ठेवा. आठवड्यातून एकदा तेल, वापर नसला तरी. बॉबिन केसमधली कापसाची पूड ब्रशने काढा, दमट हवेत ती चिकटून बसते. कागदी पॅटर्न घडी घालून ठेवू नका, गुंडाळी करून प्लास्टिकमध्ये, ओल येणाऱ्या भिंतीपासून दूर ठेवा. आणि तेल घातल्यावर पहिली टीप चिंधीवर मारा, पैठणीवर नको.